पहिल्या नोकरीवर रुजू होण्याआधी: नवख्या सॉफ्टवेअर डेव्हलपरची तयारी

नेमणुकीचे पत्र हाती पडल्यापासून रुजू होण्यापर्यंतच्या दिवसांत एखादी नवी प्रोग्रामिंग भाषा उरकून घ्यावी, असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते ती मेहनत अस्थानी आहे. सुरुवातीचे महिने नवे लिहिण्यापेक्षा इतरांनी लिहून ठेवलेले वाचण्यातच जातात आणि त्या वाचनाची सवय महाविद्यालयातील प्रकल्पांनी सहसा लावलेली नसते. म्हणून आधी आपण स्वतः वापरत असलेला एखादा लहानसा मुक्तस्रोत प्रकल्प घ्यावा, तो आपल्या संगणकावर चालवावा आणि एक बटण दाबल्यावर माहिती कोणकोणत्या फंक्शनमधून डेटाबेसपर्यंत पोहोचते, हे डीबगरमध्ये (प्रोग्राम थांबवत तपासण्याच्या साधनात) ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबे, लावून ओळीओळीने पाहावे. अशी एकच वाट शेवटपर्यंत चालून झाली, तरी पुरे.

त्यानंतर गिट, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिले, म्हणजे अनेकांनी एकाच कोडवर एकाच वेळी हात चालवावेत हाच त्याचा मूळ हेतू. एकट्याने अ‍ॅड, कमिट (बदलाची नोंद करणे), पुश (ती नोंद सामायिक साठ्यात पाठवणे) करत राहिल्यास त्याचा अर्धाही परिचय होत नाही. घरीच एक सराव करावा: दोन ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या दोन समांतर शाखांमध्ये, एका फाइलची तीच ओळ वेगवेगळी बदलावी आणि मग मर्ज करावे, म्हणजे त्या शाखा एकत्र जोडाव्यात. दोन्ही बदल जुळत नसल्याने फाइलमध्ये सात ‘पेक्षा लहान’ चिन्हे, खाली सात बरोबरची चिन्हे आणि शेवटी सात ‘पेक्षा मोठी’ चिन्हे उमटतील. त्यांतील वरचा भाग आपल्या ब्रँचचा आणि खालचा येणाऱ्या ब्रँचचा असतो. रीबेस करताना, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या ब्रँचच्या टोकावर पुन्हा रचताना, मात्र या बाजूंची अदलाबदल होते आणि अनुभवी मंडळीही तिथे चुकतात. कोणती ओळ कोणत्या कमिटमधून आली हे सांगणारे ब्लेम आणि बिघाड नेमका कोणत्या कमिटने आणला हे शोधणारे बायसेक्ट हेही हाताळून ठेवावे. बायसेक्ट दर वेळी उरलेले कमिट निम्मे करत जात असल्याने 1,000 कमिटमधला दोषी साधारण 10 तपासण्यांत सापडतो.

पहिल्या दिवशी बराच वेळ परवानग्या आणि पासवर्ड यांतच जातो. सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्यासाठीच्या एसएसएच किल्लीच्या दोन फाइलींपैकी ‘पब’ हा शेवट असलेलीच फाइल द्यायची असते, दुसरी कोणी मागितली तरी देऊ नये. द्विस्तरीय पडताळणीचे राखीव कोड, पडताळणी ज्या फोनवर होते त्याच फोनवर ठेवू नयेत. प्रकल्प उभारताना रीडमी या सूचनांच्या फाइलमधली जी पायरी चालली नाही ती लगेच टिपून ठेवावी, कारण महिन्याभरानंतर ती अडचण आपल्याला आठवतही नाही.

डेटाबेसबाबत एक सवय आधीच अंगी बाणवावी. अपडेट किंवा डिलीट चालवण्यापूर्वी त्याच अटीने सिलेक्ट करून किती ओळी येतात ते पाहावे, मग व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू करून बदल करावा, बदललेल्या ओळींचा आकडा जुळला तरच कमिट करून बदल कायम करावा, नाहीतर रोलबॅक करून मागे घ्यावा. अट लिहायला विसरणे एवढाच धोका नसतो. मी अट व्यवस्थित लिहिली होती. पण अनेक साधने निवडलेला मजकूर तेवढाच चालवतात आणि माझ्याकडून वरची ओळ तेवढी निवडली गेली होती, खालची अट बाहेरच राहिली. तो चाचणीचा डेटाबेस होता म्हणून निभावले.

प्रश्न विचारण्याचीही तयारी करावी लागते. ‘लॉगिन चालत नाही’ या निरोपावर समोरच्याला उलट चार प्रश्न विचारावे लागतात. त्याऐवजी ‘सकाळी मेन ब्रँच पुल केल्यापासून लॉगिनच्या विनंतीला 401 येत आहे, टोकनची मुदत संपलेली नाही, कॅशे पुसून पाहिला, लॉगमधील ओळी खाली दिल्या आहेत’ असे (401 म्हणजे ओळख न पटल्याचा संकेत, लॉग म्हणजे प्रोग्रामच्या नोंदी) लिहिल्यास उत्तर लवकर येते, आणि लिहिता लिहिता कधी कधी ते आपले आपल्यालाच सापडते. लॉगचे छायाचित्र पाठवू नये, मजकूर पाठवावा, म्हणजे तो शोधता येतो. स्वतः किती वेळ झगडायचे याबाबत मतभेद आहेत. मी नवख्यांना अर्धा तास सांगतो.

पासवर्ड किंवा एपीआय की (दुसरी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून कमिट होऊन पुश झाली, तर पुढच्या कमिटमध्ये ती पुसणे हा उपाय नव्हे, कारण इतिहासात ती तशीच राहते. ती की तत्काळ रद्द करून नवी घ्यावी लागते आणि त्यासाठी वरिष्ठांना लगेच, संकोच न करता सांगावे लागते.

राहता राहिला नोकरीचा करार. त्यातील बौद्धिक संपदेचे कलम स्वाक्षरीपूर्वी वाचावे, आणि आपले आधीपासूनचे वैयक्तिक प्रकल्प असतील तर त्यांची यादी लेखी देऊन त्याची पोच घ्यावी.