जुन्या चिठ्ठीवरून नमुन्याचे ठिकाण नकाशावर कसे ठरवावे

वनस्पतिसंग्रहातील जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश सहसा नसतात. असते ती ‘खंडाळा, रेल्वे स्थानकापासून ईशान्येस 3 मैल’ अशी एखादी ओळ. ही ओळ स्पेलिंगच्या चुकांसह जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि आपण लावलेला अर्थ वेगळ्या रकान्यात लिहावा. खंडाळा लोणावळ्याशेजारी आहे, तसेच सातारा जिल्ह्यातही आहे. रेल्वेच्या उल्लेखामुळे येथे लोणावळ्याशेजारचे खंडाळे ठरते, परंतु तो नसता तर त्याच संग्राहकाने मागेपुढे गोळा केलेले नमुने पाहावे लागले असते, आणि ही उलटतपासणी कोणतेही संगणकीय साधन करून देत नाही.

गाव निश्चित झाल्यावर टुलेन विद्यापीठाच्या ‘जिओलोकेट’ या मोफत साधनात वर्णन, देश आणि राज्य भरावे. ते सुचवील तो बिंदू डोळे मिटून स्वीकारू नये. उपग्रहचित्रावर पाहून, गरज पडल्यास ओढून, योग्य जागी न्यावा.

नुसता बिंदू मात्र दिशाभूल करतो, म्हणून त्याभोवती अनिश्चिततेची त्रिज्या द्यावीच. ‘ईशान्य’ या शब्दात दोन्ही बाजूंना 22.5 अंशांची मोकळीक आहे. 3 मैलांवर, म्हणजे सुमारे 4.8 किलोमीटरवर, तेवढ्यानेच जागा जवळजवळ 1.9 किलोमीटर सरकू शकते. शिवाय ‘3 मैल’ हा आकडा बहुधा अंदाजाचा, आणि ते रस्त्याने मोजले की सरळ रेषेत, हेही चिठ्ठी सांगत नाही. दिशा, अंतर आणि आरंभस्थानाचा विस्तार यांतील चुका एकत्र करण्यासाठी ‘जिओरेफरन्सिंग कॅल्क्युलेटर’ हे गणकसाधन वापरावे. आलेली त्रिज्या मीटरमध्ये नोंदवावी आणि ‘डब्ल्यूजीएस 84’ हा अक्षांश-रेखांश मोजण्याचा संदर्भ सोबत लिहावा.

तक्ता पूर्ण झाला की क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत सर्व बिंदू एकदा मांडून पाहावेत. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली असेल, तर खंडाळ्याचा नमुना नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात उगवतो. रिकाम्या रकान्यांत शून्ये पडली असतील, तर तो आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात जातो. अशा चुका तक्त्यात लपतात, नकाशावर लगेच दिसतात.

जीबीआयएफसारख्या, जगभरच्या जीवजातींच्या नोंदींच्या खुल्या संग्रहात नोंद देताना दुर्मीळ कंदीलपुष्पांसारख्या, कंदांसाठी उपटल्या जाणाऱ्या वनस्पतींचे स्थान 0.1 अंशापर्यंत, म्हणजे सुमारे 11 किलोमीटरपर्यंत, मोघम करावे, तसे केल्याचे नोंदीत लिहावे आणि मूळ आकडे संग्रहाच्या दप्तरी ठेवावेत.