‘एलिट’चे ग्रह हाताने मोजताना

जुन्या घरगुती संगणकांवर गेम लिहिणारे कसं काम करायचे हे समजून घ्यायचं असेल, तर मुलाखती नंतर वाचा. आधी त्यांची एखादी युक्ती स्वतः लिहून पाहा. मी ‘एलिट’ हा अंतराळातला गेम निवडला, कारण 1980च्या दशकात ‘क्लास’ या सरकारी संगणक-साक्षरता योजनेतून शाळाशाळांत जे बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यातला एक आमच्याही शाळेत होता.

डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी केंब्रिजला शिकता शिकता याच मशीनवर हा गेम लिहिला. 1984 साली तो बाजारात आला. मेमरी सगळी मिळून 32 केबी, पडद्यावरचं चित्रही त्यातच. आणि गेममध्ये 8 आकाशगंगा, प्रत्येकीत 256 ग्रह! एवढी नावं ठेवायची कुठे? त्यांनी ती ठेवलीच नाहीत, लागतील तशी गणिताने तयार केली. मला आजही हे फार सुंदर वाटतं.

पहिल्या आकाशगंगेचं बीज, म्हणजे सगळं जिथून सुरू होतं ते तीन आकडे: 23114, 584, 46931. बेरीज 70629. सोळा बिटांत (म्हणजे 65535 पर्यंत) एवढं मावत नाही, 65536 गळून 5093 उरतात. पहिला आकडा सोडायचा, 5093 शेवटी लावायचा, की नवं त्रिकूट तयार. प्रत्येक त्रिकुटातल्या शेवटच्या आकड्याचा वरचा बाइट (आकड्याला 256 ने भागून येणारा पूर्ण भागाकार; उरते ती बाकी खालचा बाइट) घ्यायचा, त्याला 32 ने भागायचं आणि ठरलेल्या 32 जोड्यांच्या यादीतून बाकी येईल त्या क्रमांकाची अक्षरजोडी उचलायची. 23 ला टी-आय, 19 ला बी-ई, 13 ला डी-आय, 24 ला ई-डी. झाला पहिला ग्रह, टिबेडिएड.

माझी तिसरी जोडी मात्र आय-एन येत होती. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. या मशीनचा प्रोसेसर 6502, तो आठ बिटांचा, त्यामुळे आधी खालच्या बाइटांची बेरीज करायची, मग वरच्या. दुसऱ्या त्रिकुटाचे खालचे बाइट 72, 83 आणि 229 मिळून 384, म्हणजे खाली 128 आणि हातचा 1. वरची बेरीज करण्याआधी मी सीएलसी (हातचा शून्य करणारी आज्ञा) लिहून तो हातचाच पुसला होता! 205 चे 204 झाले, 13 ची बाकी 12 झाली. पहिल्या बेरजेत हातचा येत नाही, म्हणून आधीच्या दोन जोड्या बरोबर दिसत होत्या. कागदावर मांडल्यावर पाच मिनिटांत सापडलं. तेव्हा वही जवळ ठेवाच.

इम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर जुनं मशीन चालवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. ग्राफिक्सला लगेच हात घालू नका, आधी ही नावं काढा. दर ग्रहाला चार बेरजा होतातच, पण चौथी जोडी सुरुवातीच्या त्रिकुटातल्या पहिल्या आकड्याचा 64 चा बिट चालू असेल तरच घ्यायची. आणि 0 क्रमांकाच्या जोडीत अक्षरच नसतं. हे सांभाळलंत तर आठव्या ग्रहाला एल-ए, व्ही-ई या दोनच जोड्या येतील. खेळाडूचं यान सुरुवातीला तिथेच उभं असतं.