वीरगळांची नोंद: सगळ्या घराने मिळून करायचं काम

गावाबाहेरच्या मारुतीजवळ, पाराखाली नाहीतर तळ्याकाठी अर्धे मातीत रुतलेले कोरीव दगड असतात. त्यातले बरेचसे वीरगळ, म्हणजे लढताना मरण आलेल्या वीरांची स्मारकं. कुठेच नोंद नसलेला वीरगळ रस्ता रुंद करताना उचलला गेला, तर कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून हे काम तातडीचं आहे.

आधी जवळचं इतिहास मंडळ गाठा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) किंवा धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ (१९२७) यांच्याएवढं मोठं नसलं तरी चालेल. कोणत्या गावांची नोंद राहिली आहे ते विचारा आणि पहिल्या खेपेला मंडळातल्या जाणत्या माणसाबरोबरच जा. मुंबईकरांनी त्याआधी बोरिवलीतल्या एकसरचे वीरगळ मुलांना दाखवावेत. त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे.

गावात पोचल्यावर सरपंचांना किंवा पुजाऱ्यांना भेटून मगच मोजायची टेप काढा. शेंदूर लावलेला दगड कुणाचा तरी देव आहे. चपला लांब ठेवा, शेंदूर खरवडू नका.

मोजमाप मुलांकडे द्या: जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी. ती मोठ्याने सांगतील, तुम्ही लिहा. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, शेजारी मोजपट्टी उभी करून. आधी पूर्ण दगड, मग एकेक कप्पा, म्हणजे एकावर एक कोरलेल्या चित्रांतलं एकेक चित्र. वीरगळ खालून वर वाचतात. तळाशी लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर बहुधा चंद्रसूर्य. तळाशी गाईगुरं दिसली तर तो वीर गोधन सोडवताना पडला असं समजतात. मुलांना आधी बघू द्या, अर्थ नंतर सांगा.

खडू, पावडर, तेल, तारेचा ब्रश यांतलं काहीही दगडाला लावायचं नाही. खणायचंही नाही; ‘खालचा कप्पा पुरलेला’ एवढं लिहिलं की झालं. अक्षरं दिसली तर फक्त फोटो काढून मंडळाला कळवा.

आजीआजोबांना बरोबर न्याच. गावातल्या बायका आजीशी जेवढं मोकळं बोलतील तेवढं तुमच्याशी बोलणार नाहीत. दगडाला काय म्हणतात, नैवेद्य कधी दाखवतात, आधी तो कुठे होता, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

नोंद त्याच आठवड्यात मंडळाकडे पोचवा. नोंदणाऱ्यांच्या रकान्यात मुलांची आणि आजीचीही नावं लिहा.