आरसी कारचा गिअरबॉक्स बांधताय? या चुका टाळा

"गाडी करकरतेय, मेटलचे गिअर कुठले घेऊ?" आरसीच्या, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या, नादाला नुकत्याच लागलेल्या माणसाचा हा हमखास प्रश्न. माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: आधी आहे तो गिअरबॉक्स उघडा. प्लॅस्टिकचे दाते उगाच जात नाहीत. मेश, म्हणजे दोन गिअरचे दाते एकमेकांत बसणं, चुकलेला असतो, बेअरिंग जाम असतं, नाहीतर एखादा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. ते तसंच ठेवून मेटल टाकलं तर स्पर (मोटर फिरवते तो मोठा गिअर) वाचतो खरा, पण पुढच्या वेळी ड्राइव्हशाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा दांडा) जातो.

उदाहरणाला तामिया या जपानी कंपनीची, सुट्या भागांच्या किटमधून जोडायची टीटी-०२ घेऊ. १/१० आकाराची, शाफ्टवर चालणारी फोर व्हील ड्राइव्ह. सुरुवात याच चासीवर करणारे पुष्कळ, त्यामुळे तिच्यात होणाऱ्या चुकाही ठरलेल्या.

मोटर बसवायची घाई

मोटर एकदा बसली की गिअरबॉक्स जड फिरतोय का, हे हाताला कळत नाही. मोटरच्या चुंबकांची ओढ सगळं झाकून टाकते. म्हणून मोटर सगळ्यात शेवटी. आधी नुसता डिफ (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) बोटांत धरून फिरवा. मग तो केसमध्ये ठेवून फिरवा. मग झाकण लावा आणि एकेक स्क्रू आवळत पुन्हा फिरवत राहा. ज्या स्क्रूनंतर फिरणं जड झालं, तिथेच भानगड आहे. झाकण वाकडं बसलंय, बेअरिंग खोबणीत पूर्ण गेलेलं नाही, किंवा आवळताना हात जड पडलाय.

प्लॅस्टिकमधल्या स्क्रूचं एक तंत्र आहे, ते हातात बसवूनच घ्या. उघडलेला स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवायचा. एका जागी तो 'टक्' करून किंचित खाली बसतो. म्हणजे जुन्या आट्यात आला. तिथून सुलटा आवळा. हे न करता दर वेळी नवे आटे पाडत गेलात, तर थोड्याच दिवसांत भोक सैल होणार आणि झाकण हलायला लागणार. आणखी एक: तामियाचे स्क्रू जपानी पद्धतीच्या खाचेचे असतात. आपला नेहमीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खराब करतो. जेआयएसचा, म्हणजे या जपानी खाचेचा, एक चांगला ड्रायव्हर घ्या. किटनंतरची पहिली खरेदी हीच असावी, असं माझं ठाम मत.

पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे

शाफ्टवाल्या गाडीतली ही सगळ्यात गमतीशीर चूक. दोन्ही डिफ दिसायला सारखे. एक उलट्या बाजूने बसला की पुढची आणि मागची चाकं विरुद्ध फिरतात. थ्रॉटल दिला की गाडी जागीच घुरघुरते, आणि माणूस रिमोटमध्ये चूक शोधत बसतो. मोटर बसवण्याआधी गाडी उचला, मागची दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरवा आणि पुढे काय होतंय ते बघा. मॅन्युअलमधल्या चित्रात डिफचा मोठा गिअर कुठल्या अंगाला आहे, हे जोडतानाच पाहिलं तर हा प्रसंगच येत नाही.

पिनियन आणि स्पर

पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर, घेताना माणसं दाते मोजतात, पिच बघत नाहीत. पिच आणि मॉड्युल ही दात्यांच्या आकाराची दोन मापं. टीटी-०२ चे गिअर ०.६ मॉड्युलचे. बाजारात ४८ पिचचे पिनियन सहज मिळतात. हिशेब केला तर ४८ पिच म्हणजे साधारण ०.५३ मॉड्युल. डोळ्यांना फरक जाणवत नाही, हाताने फिरवलं तर फिरतंही. पण वेगात स्परचे दाते भुईसपाट होतात. ३२ पिच आणि ०.८ मॉड्युल एकमेकांच्या इतके जवळ आहेत की ती जोडी चालून जाते. ४८ आणि ०.६ ची चालत नाही.

टीटी-०२ मध्ये मोटर ठरलेल्या भोकांतच बसते, त्यामुळे पिनियन बदलला की मॅन्युअलमधल्या कोष्टकाप्रमाणे जागाही बदलायची. ज्या गाड्यांत मोटर सरकवता येते, तिथे कागदाची पट्टी वापरा. वहीचा साधा कागद पिनियन आणि स्परमध्ये घाला, मोटर दाबून धरा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर घड्या पडाव्यात, पण कागद फाटू नये. स्पर फिरवून तीन-चार ठिकाणी पुन्हा तपासा, कारण प्लॅस्टिकचा स्पर तंतोतंत गोल क्वचितच असतो. जिथे सगळ्यात घट्ट लागतो, तिथला मेश धरायचा.

पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) मोटरच्या शाफ्टच्या सपाट भागावरच यायला हवा. गोल भागावर आवळला की सुटणारच. त्याला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा द्रव) एक थेंब पुरे, तेही धातूत धातू असेल तिथेच. प्लॅस्टिकवर सांडलं तर काही प्लॅस्टिकना तडे जातात.

किटच्या गिअरिंगने, म्हणजे ७० दात्यांचा स्पर आणि २२ चा पिनियन लावून, एकूण गुणोत्तर ८.२७ पडतं, म्हणजे मोटरच्या ८.२७ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. वेग हवा म्हणून मोठा पिनियन टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. टाका, पण दोन-तीन मिनिटं चालवून मोटरला बोट लावून बघा. बोट टेकवत नसेल तर पिनियन मोठा झाला. आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिनियन झिजून दाते टोकदार झाले असतील, तर नुसता स्पर बदलून काही होत नाही. तो पिनियन नवा स्परही खाणार.

डिफमध्ये काय भरायचं

टीटी-०२ चा मूळ डिफ सीलबंद नसतो. त्यात सिलिकॉन तेल ओतलं की ते गळून गिअरबॉक्सभर पसरतं. डिफ घट्ट हवा असेल तर चिकट, जाड एडब्ल्यू (अँटी-वेअर, झीज रोखणारं) ग्रीस भरा. सीलबंद डिफमध्ये तेल घालताना मात्र काठोकाठ भरू नका. आतले गिअर बुडतील इतकंच घाला, बुडबुडे वर येईपर्यंत थांबा, ओ-रिंगला (गळती थांबवणाऱ्या रबरी कडीला) ग्रीस लावा आणि झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळा.

बॉल डिफ, म्हणजे आत गिअरऐवजी गोळ्या असलेला, असेल तर गोष्ट वेगळी. मोठ्या गोळ्यांना आणि रिंगांना सिलिकॉनचं ग्रीस, आवळण्याचा दाब झेलणाऱ्या छोट्या थ्रस्ट बेअरिंगला काळं मॉलिब्डेनमचं. याची अदलाबदल झाली की डिफ घसरत राहतो, आणि घसरतोय म्हणून आवळलं की रिंगांना खाचा पडतात. गाडीत स्लिपर क्लच (जोर जास्त झाला की घसरून गिअर वाचवणारा) असेल तर डिफच्या आधी स्लिपर घसरला पाहिजे, इतका तो सैल ठेवा.

आवाज काय सांगतो

सारखी, चढी शीळ येत असेल तर मेश घट्ट. खडखड येत असेल तर सैल. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच टिक् होत असेल तर मोठ्या गिअरचा एखादा दाता गेलाय किंवा खडा अडकलाय. खडा असला तर नशीब. थ्रॉटल दिल्यावरच कट्कट् येत असेल तर डिफचा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा बेव्हल (तिरक्या दात्यांचा छोटा गिअर) यांत फट जास्त आहे. टीटी-०२ असो वा दुसरी कुठली, आधी बेअरिंग झिजलंय का ते बघा, मग ०.१ मिलिमीटरची शिम (पातळ चकती) टाकून पाहा. दोन-तीन शिम एकदम टाकल्या तर फिरणंच जड होतं.

ग्रीस, धूळ आणि पाऊस

बंद केसमधल्या गिअरना ग्रीस हवं, पण दात्यांच्या बुडाशी दिसेल इतकंच. उघड्या स्परला मुळीच नको. आपल्याकडची धूळ त्या ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपर तयार होतो. कोकणातल्या लाल मातीत चालवत असाल तर हे विशेष लक्षात ठेवा.

किटमध्ये बेअरिंगच्या जागी येणारे प्लॅस्टिकचे बुश (साध्या कड्या) लवकर सैल होतात. मेटल गिअरचे पैसे आधी बेअरिंगवर घाला. टीटी-०२ ला ११५० मापाचं लागतं, बाहेरून ११, आतून ५ आणि जाडीला ४ मिलिमीटर. पावसात गाडी चालवली असेल तर त्याच दिवशी उघडा, बेअरिंग काढून पुसा आणि हलक्या तेलाचा एक थेंब द्या. डब्ल्यूडी-४० पाणी घालवतं, पण आतलं ग्रीसही धुऊन नेतं. ते मारून गाडी तशीच कपाटात ठेवली, तर पुढच्या रविवारी बेअरिंग नवंच आणावं लागेल.