शोभेचं गवत वाळलंय? उपटू नका, आत्ता छाटा

थंडी ओसरायला लागली की बागेतलं शोभेचं गवत पार वाळून पिवळं पडतं, मेल्यासारखं दिसतं, आणि बरेच जण ते उपटून टाकतात, तर प्लीज तसं करू नका. आधी ठोंबाच्या बुडाशी बोटं घालून जुनी पाती बाजूला सारा आणि नीट बघा, आत सुईच्या टोकाएवढे फिकट हिरवे कोंब दिसले तर झाड जिवंत आहे आणि कापायची वेळ पण हीच आहे.

मी एका वर्षी पंधरा दिवस उशीर केला, कोंब वीतभर वर आले होते आणि जुन्याबरोबर त्यांचे शेंडे पण कापले गेले, मग नंतर कितीतरी महिने सगळी पाती टोकाला चौकोनी आणि तपकिरी, बघवत नव्हतं. म्हणून म्हणतो, आठवडाभर आधी कापलं तरी चालेल पण उशीर नको.

कापताना आधी सुतळीने ठोंब कमरेत घट्ट बांधायचा, पेंढी बांधतो तसा, आणि मग बांधलेल्याच्या खालून, जमिनीपासून 4 ते 6 इंच ठेवून कापायचं, म्हणजे अख्खी पेंढी हातात येते आणि कचरा बागभर होत नाही. हातमोजे आणि फुल बाह्यांचा शर्ट घालाच, पातीच्या कडा करवतीसारख्या असतात, पंपास नावाच्या गवताच्या तर फारच. कापलेलं वाळकं गवत भिंतीला लावून रचून ठेवू नका, चटकन पेट घेतं.

पण हे सगळं मिस्कँथस, पेनिसेटम असल्या उन्हाळ्यात वाढणाऱ्या गवतांचं झालं. ब्लू फेस्क्यूला थंड हवा आवडते, ते बारा महिने हिरवं-निळसर राहतं, त्याला बुडापासून कापलं तर पुष्कळदा परत उठतच नाही. त्याची वाळकी पाती फक्त बोटांनी विंचरून काढायची, अगदीच विस्कटलं असेल तर वरचा एक तृतीयांश भाग कापायचा, बास. आणि मोंडो ग्रास हे नावालाच ग्रास आहे, ते शतावरीच्या कुळातलं, त्याची फक्त खराब पानं काढा.

ठोंब तीन-चार वर्षांचा झाला की मधे पोकळ पडतो, कडेने हिरवा आणि मधे टक्कल. खत घालून ते भरत नाही, ठोंब फोडावाच लागतो. उन्हाळी गवत असेल तर छाटणीनंतर कोंब हलायला लागले की धारदार फावड्याने मुळासकट उचला, जुना मधला भाग टाकून द्या आणि कडेचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला चार-पाच कोंब आणि भरपूर मुळ्या हव्यात. लावेपर्यंत मुळ्या ओल्या गोणपाटात ठेवा. आधी जेवढ्या खोल होतं तेवढंच लावा, कोंबांचं बूड मातीत गाडलं गेलं तर कुजतं. मग दोन-तीन आठवडे पाणी चुकवू नका.

खताच्या बाबतीत हात आखडताच ठेवा. युरिया वगैरे दिलं की पाती लांब, मऊ होतात आणि पहिल्याच जोरदार पावसात ठोंब फुटल्यासारखा चारी बाजूंनी आडवा पडतो. सावलीतही तेच होतं, बहुतेक जातींना निदान सहा तास ऊन लागतंच. मूठभर कंपोस्ट वर्षातून एकदा, पुरतं.

नवीन रोप आणणार असाल तर ते ठोंबाने वाढतं का जमिनीखालून पसरतं हे विचारूनच घ्या. लाल पात्याचं इम्पेराटा खालून धावतं, ते मोठ्या कुंडीतच बरं. पेनिसेटम सेटेशियम आणि पंपास बियांनी पसरतात. हवाई बेटांवर हे पेनिसेटम रानोमाळ पसरलंय आणि वणवे वाढायला कारण झालंय, न्यूझीलंडमध्ये पंपास विकायलाच बंदी आहे. म्हणून ओढ्याजवळ किंवा मोकळ्या माळाला लागून बाग असेल तर या दोन्ही लावूच नका, आधीच लावल्या असतील तर तुरे दिसायला कितीही सुंदर असले तरी बी उडायच्या आत कापून घ्या.