बेळगावात पहिलं बिऱ्हाड: भाड्याचं घर बघायला निघण्याआधीची तयारी

घर बघायला निघण्याआधी एका कागदावर दोघांचाही दिवस लिहून काढा. कोण किती वाजता बाहेर पडतं, कुठं जातं, परत केव्हा येतं आणि मधल्या वेळात घरात एकटं कोण असतं, एवढं पुरे. चंदगड, खानापूर, निपाणी, कोल्हापूरकडून नोकरीसाठी बेळगावला येणारी नवी जोडपी बहुतेक वेळा ज्याची नोकरी आधी लागली त्याच्या कारखान्याजवळ घर घेऊन मोकळी होतात. त्यात आठ-दहा तास बाहेर असणाऱ्याची सोय होते. दिवसभर त्या गल्लीत काढणाऱ्या माणसाचा, किंवा सहा महिन्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला नोकरी मिळणाऱ्याचा विचार राहून जातो. स्वस्त म्हणून लांबचं घर घेताना खेपांचा हिशेबही याच कागदावर मांडा. सात किलोमीटर जायचं, सात यायचं, महिन्याचे २६ दिवस धरले तर ३६४ किलोमीटर होतात. दुचाकी लिटरला ४५ चालत असेल तर एकाचंच आठ लिटर पेट्रोल झालं. ते भाड्यात मिळवा आणि मग दोन घरांची तुलना करा.

नोकरीच्या दिशेवरून भाग ठरवायला सुरुवात करायची. उद्यमबाग किंवा मच्छेकडे काम असेल तर अनगोळ, भाग्यनगर, मजगाव, टिळकवाडी, पिरनवाडी आधी बघा. काकती-होनग्याकडे किंवा केएलईच्या रुग्णालयात काम असेल तर नेहरूनगर, शाहूनगर, कंग्राळी, महांतेशनगर, रामतीर्थनगर. कॅम्पात किंवा लष्कराच्या कचेऱ्यांत असेल तर हिंडलगा, गणेशपूर, हनुमाननगर. हिंडलगा, कंग्राळीसारखी गावं आता शहराला चिकटली असली तरी कारभार ग्रामपंचायतीचा आहे, त्यामुळं पाणी, कचरा, दिवाबत्तीची तक्रार महापालिकेत चालत नाही. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड. घर कोणाच्या हद्दीत आहे हे पहिल्याच भेटीत विचारून वहीत टिपा. टिळकवाडीत घर बघत असाल तर रोजच्या वाटेत रेल्वे गेट येतं का, तेही बघा. फाटक पडल्यावर सकाळच्या गर्दीत जी दहा-पंधरा मिनिटं जातात, ती नकाशात दिसत नाहीत.

शहापूर, वडगाव, अनगोळ, खासबाग आणि जुन्या गावातल्या गल्ल्यांत मराठीवर सगळं निभतं. महांतेशनगर, शिवबसवनगर, रामतीर्थनगरकडं शेजारी कन्नड जास्त कानावर पडेल. त्यात भिण्यासारखं काही नाही, बहुतेकांना दोन्ही भाषा येतात. पण घरपट्टीची पावती, हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल, बसवरची पाटी बहुधा कन्नडमध्ये असते. ‘मने बाडिगेगे इदे’ म्हणजे घर भाड्यानं देणे आहे, ‘नीरू’ म्हणजे पाणी, एवढे शब्द ओळखीचे करून ठेवा. आकडे वाचायला शिकलात तर बसचा त्रास अर्धा होतो.

आता पाणी. आमच्या मते बेळगावात घराची पहिली परीक्षा पाण्याचीच, बाकी सगळं त्यानंतर. शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून पाणी येतं. काही वॉर्डांत चोवीस तास मीटरचं पाणी आहे, बाकीच्या ठिकाणी काही दिवसांआड सोडतात. मालकाला ‘पाणी भरपूर आहे का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी हो असतं. नळाला किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, हे तीन प्रश्न मालकाला विचारा आणि तेच तीन शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा. दोन्हीकडची उत्तरं जुळली तरच धरा. उन्हाळ्यात राकसकोपचं पाणी खाली गेलं की पाळी लांबते, म्हणून एप्रिल-मेमध्ये काय होतं ते वेगळं विचारा.

मग टाकीचा हिशेब. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरायचा सरकारी संकेत आहे, म्हणजे दोघांना २७०. पाच दिवसांआड पाणी असेल तर १३५० लिटर साठवण फक्त तुमच्या वाट्याची हवी. गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी आणि ती दोन बिऱ्हाडांत वाटलेली असेल तर दुसऱ्याच दिवशी घागर घेऊन खाली उतरावं लागेल. जमिनीखालचा संप, म्हणजे पाण्याची टाकी, केवढा आहे, त्यावरची मोटर कोण चालू करतं, तिची वीज कोणाच्या मीटरवर चढते, हे विचारा. मोटर मालकाच्या घरात आणि मालक गावाला, ही अडचण पहिल्याच सणाला येते. मोटरच्या बटणाची किल्ली तुमच्याकडंही असेल असं ठरवून घ्या. शहापूर-टिळकवाडीच्या जुन्या घरांना विहीर असते, ती मोठी सोय आहे. फक्त पाणी प्यायचं की वापरायचं ते विचारा, आणि मेमध्ये ते तळाला जातं का तेही. घर बघताना १५ लिटरची बादली स्वयंपाकघरातल्या नळाखाली लावून मोबाइलवर वेळ मोजा. दोन मिनिटांत भरली तर ठीक. पाच मिनिटं लागली तर टाकी छतापासून फार उंच नाही किंवा पाइपात गंज बसलाय. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात शॉवरला तर त्याहून कमी धार येईल.

पाण्याच्या बरोबरीनं ओल. बेळगावचा पाऊस जूनमध्ये धरला की सप्टेंबरपर्यंत सोडत नाही आणि वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून घरात शिरल्यावर मोबाइलच्या होकायंत्रावर पश्चिम शोधा आणि त्या भिंतीपाशी जा. फेब्रुवारीत घर बघत असाल तर भिंत कोरडीच दिसणार, पण खुणा राहतात. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेत का, पांढरी पूड म्हणजे लोणा आहे का, कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत का ते बघा. नखानं हलकं खरवडलं आणि गिलावा वाळूसारखा सुटला तर ती भिंत दर पावसाळ्यात पाणी पिते. फक्त तेवढीच एक भिंत ताजी रंगवलेली दिसली तर सरळ विचारा. अशा भिंतीला लाकडी पलंग किंवा नवं कपाट लावलं तर ऑगस्टपर्यंत मागच्या फळीला बुरशी धरते, आणि लग्नात मिळालेल्या साड्यांना कुबट वास येतो तो दोनदा धुऊनही जात नाही. दुसरी कुठलीही भिंत मोकळी नसेल तर ते घर सोडा.

कौलारू घर मिळालं तर उन्हाळ्यात सुख आहे. मात्र मंगलोरी कौलं पावसाआधी परतावी लागतात, फुटकी बदलावी लागतात. हे काम मेमध्ये कोण करणार, मजुरी कोणाची, ते आधी बोला. कपडे वाळत घालायला झाकलेली गॅलरी किंवा पडवी असावी. जुलैत गच्चीचा काही उपयोग नाही. सोलर बंब दाखवून ‘गरम पाण्याची सोय आहे’ म्हणतात, पण ढगाळ दिवसांत त्याचं पाणी कोमट राहतं. गीझरचं पॉइंट आहे का ते बघाच. वडगाव, येळ्ळूर रोड, जुना पुणे-बेंगळूर रस्ता या बाजूला तळमजला घेत असाल तर बळ्ळारी नाला किती लांब आहे ते पायी चालून बघा आणि ऑगस्ट २०१९च्या पुरात गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा. लोक भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतात.

घर एकदा दिवसा बघून ठरवू नका. दुसरी खेप रात्री नऊनंतर करा. वडगाव, खासबाग, शहापूर भागांत विणकरांची वस्ती आहे. दुपारी वीज नसताना घर बघितलं तर गल्ली शांत वाटते. वीज आली की यंत्रमाग सुरू होतात, आणि सामायिक भिंतीला तळहात लावला तर माग दिसत नसला तरी त्याची थरथर हाताला कळते. ज्यांना सवय आहे त्यांना त्याचा त्रास नाही, त्यांच्या पोटापाण्याचा तो आवाज आहे. पण रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यानं हे माहीत असूनच घर घ्यावं. रात्रीच्या खेपेत बस थांब्यापासून घरापर्यंत दोघांनी वेगवेगळं चालून बघा, गल्लीतले दिवे मोजा. एकटीनं रात्री साडेआठला त्या वाटेनं यायला तिला बरं वाटतं का, हे तिनंच सांगायचं. तिनं नको म्हटलं तर त्यावर वाद घालू नका.

बघायला जाताना पिशवीत मोजपट्टी, मोबाइलचा चार्जर आणि वही ठेवा. चार्जर प्रत्येक बटणपेटीत लावून बघायचा. दोन हजार वॉटच्या गीझरला जवळपास नऊ अँपिअर लागतात, म्हणून न्हाणीघरात १५ किंवा १६ अँपिअरचं मोठं पॉइंट हवं. पाच-सहा अँपिअरच्या पॉइंटवर अ‍ॅडॉप्टर लावून गीझर चालवला तर वायर तापते आणि पॉइंट जळतं. जिन्याच्या वळणाची रुंदी मोजा. जुन्या गावातले लाकडी जिने इतके अरुंद असतात की फ्रीज वर जात नाही, मग खिडकीचे गज काढायची पाळी येते.

पैशाचं बोलणं सुरू करण्याआधी ‘भाडं’ आणि ‘लीज’ यातला फरक लक्षात घ्या. इकडं पाटीवर लीज लिहिलं असेल तर बहुधा एकरकमी मोठी रक्कम मालकाकडं ठेवायची, महिन्याचं भाडं नाही, घर सोडताना रक्कम परत. व्यवहार आकर्षक वाटतो, पण घर बँकेकडं गहाण असेल किंवा मालकाकडं परत द्यायला पैसे नसतील तर तुमची सगळी पुंजी अडकते. पहिल्या बिऱ्हाडाला महिन्याचं भाडंच बरं. अ‍ॅडव्हान्स किती महिन्यांचा, सोडताना रंगकामासाठी त्यातून किती कापणार, नोटीस एक महिन्याची की दोन, हे तोंडी नको. अ‍ॅडव्हान्स बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. एजंट असेल तर त्याचं कमिशन घर बघण्याआधी ठरवा. मांसाहार चालतो का, पाहुणे राहिले तर चालतं का, रात्री फाटकाला कुलूप किती वाजता, हेही याच बैठकीत विचारून घ्या. नंतर विचारलं की संकोच होतो.

करारनामा साधारणपणे ११ महिन्यांचा असतो, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या कराराची नोंदणी सक्तीची आहे. कन्नडमध्ये असेल तर कन्नड येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, करारात दोघांची नावं घाला. बायकोचं नाव आधारवर जसं आहे तसंच, माहेरचं असेल तर माहेरचं. लग्नानंतरचं नाव करारात आणि जुनं आधारवर असं झालं की तिच्याकडं पत्त्याचा एकही पुरावा उरत नाही. मग गॅस, बँक, पत्ता बदल, प्रत्येक ठिकाणी अडतं. लग्नाच्या नोंदणीचा दाखला गावाहून निघतानाच सोबत घ्या, दोन झेरॉक्ससह.

या पत्त्यावर पुढची बरीच कामं अवलंबून आहेत. कर्नाटकात महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. महाराष्ट्रातून आलेल्या मुलीला आधारचा पत्ता बदलेपर्यंत तिकीट काढावं लागेल. गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या योजनेत महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज बिल माफ होऊ शकतं, भाडेकरूंनाही. मर्यादा आधीच्या सरासरी वापरावर ठरते आणि २००च्या वर गेलं तर पूर्ण बिल भरावं लागतं. त्यासाठी वीज बिलावरचा अकाउंट आयडी नंबर घ्या आणि आधीच्या भाडेकरूचं आधार त्या नंबरवरून काढलंय का ते मालकाला विचारा, नाहीतर तुमचा अर्ज अडेल. वेगळं मीटर नसून सबमीटर असेल तर युनिटचा दर काय लावणार ते करारात लिहून घ्या. गाडी एमएच पासिंगची असेल आणि इथं १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर नोंदणी बदलावी लागते. त्यासाठी आधी तिकडच्या आरटीओची एनओसी आणा, इकडचा रोड टॅक्स हिशेबात धरा.

सामान हलवायचा दिवस कॅलेंडर बघून ठरवा. १ नोव्हेंबरला नको. त्या दिवशी एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची फेरी असते, रस्ते वळवलेले असतात. गणेश विसर्जन आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या दिवशी जुन्या गावातल्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन चालू असेल तेव्हा हलग्याकडच्या महामार्गावर बंदोबस्त असतो. शक्यतो पाणी यायच्या आदल्या दिवशी शिफ्ट व्हा, म्हणजे भांडी धुवायला, फरशी पुसायला दुसऱ्या दिवशी टाकी भरलेली मिळते. सामान आत घेण्याआधी रिकाम्या खोल्यांचे फोटो काढा: प्रत्येक भिंत, फुटलेली फरशी, सैल नळ, आणि वीज मीटरचा आकडा. पाण्याला मीटर असेल तर त्याचाही. ते सगळे त्याच संध्याकाळी मालकाला मोबाइलवर पाठवा. कुलूप मात्र तुमचं नवं लावा आणि जुनी किल्ली मालकाकडं राहू द्या.