तोफेच्या नळीची झीज सेन्सरने कशी मोजावी

सेन्सर निवडण्याआधी नळी नेमकी कुठे झिजते हे ध्यानात घ्यावे. चेंबर (दारू भरण्याची मागची पोकळी) संपून रायफलिंगच्या, म्हणजे गोळ्याला फिरकी देणाऱ्या, खाचा जिथे सुरू होतात, तिथे दारूच्या वायूची धग सर्वाधिक लागते. पोलादाचा पृष्ठभाग दर फैरीला क्षणभर तापून निवतो आणि बोअरस्कोपमधून (नळीच्या आत पाहण्याच्या साधनातून) पाहिल्यास आटलेल्या तळ्यातल्या भेगाळ चिखलासारखे चिरांचे जाळे दिसते.

फैरी मोजण्यासाठी नळीच्या मागच्या भागावर, बाहेरून घट्ट पट्ट्याने अॅक्सिलरोमीटर (धक्का मोजणारा सेन्सर) बसवावा. त्यासाठी नळीला भोक पाडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तोफ ओढून नेताना बसणारे हादरे फैरी म्हणून मोजले जाऊ नयेत, म्हणून धक्क्याची तीव्रता आणि त्याचा कालावधी या दोन्हींची मर्यादा ठरवावी, आणि काही दिवस यंत्राचा आकडा नोंदवहीशी ताडून पाहावा. मात्र नुसत्या संख्येला फारसा अर्थ नाही, कारण कमी चार्जची (दारूच्या मात्रेची) फैर पूर्ण चार्जच्या तुलनेत नळीला बरीच कमी खाते. म्हणूनच पूर्ण चार्ज १ धरून बाकीचे चार्ज उत्पादकाच्या तक्त्यानुसार अपूर्णांकात मोजतात. या बेरजेला ईएफसी (इक्विव्हॅलंट फुल चार्ज, म्हणजे पूर्ण चार्जच्या बरोबरीच्या फैरी) म्हणतात.

तापलेली नळी अधिक झिजते, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) लावून प्रत्येक फैरीच्या आधीचे तापमान नोंदवावे. आतला मिलिसेकंदांचा उष्णतेचा झटका त्यात दिसणार नाही, कारण जाड भिंतीतून उष्णता बाहेर यायला वेळ लागतो.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा म्हणजे गोळ्याचा वेग. नळी रुंदावली की गोळा किंचित पुढे बसतो, वायू निसटतो, दाब घटतो आणि वेग उतरतो. डॉप्लर रडार गोळ्यावरून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेतील फरकावरून वेग काढते; १०.५ गिगाहर्ट्झच्या अशा रडारवर सेकंदाला ८०० मीटर वेगाचा गोळा सुमारे ५६ किलोहर्ट्झची तफावत दाखवतो. दारूचे तापमान आणि गोळ्याचे वजन यांची दुरुस्ती केल्याशिवाय दोन दिवसांचे वेग शेजारी ठेवू नयेत, आणि एकाच फैरीवरून निष्कर्ष काढू नये. १९१८ मध्ये पॅरिसवर मारा करणाऱ्या जर्मन तोफेची झीज इतकी झपाट्याने होई, की तिचे गोळे वाढत्या व्यासाचे बनवून त्यांना क्रमांक दिलेले असत.

उरलेले आयुष्य काढण्यासाठी ईएफसी आडव्या अक्षावर घेऊन गेजने मोजलेला नळीचा आतला व्यास उभ्या अक्षावर मांडावा. मोजमाप दर वेळी ठरलेल्या खोलीवर आणि तांब्याचा थर साफ केल्यावरच घ्यावे, नाहीतर झिजलेली नळीसुद्धा धडधाकट भासते. आलेख बाद करण्याच्या मर्यादेला कुठे छेदेल ते पाहावे. धातूचा थकवा (वारंवार दाब सोसून धातू कमकुवत होणे) हा हिशेब वेगळा: त्यासाठी स्ट्रेन गेजवरून (नळीचा ताण मोजणाऱ्या सेन्सरवरून) दर फैरीचा दाब नोंदवून स्वतंत्र बेरीज ठेवावी आणि दोन्हींपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल ती मानावी.

नळी बदलताना जुनी नोंद तोफेच्या नव्हे, त्या नळीच्या क्रमांकाबरोबरच जायला हवी.